आईला फिट येत नाही, मग फिटची गोळी कशाला दिली?

प्रश्न: दादा नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई 63 वर्षांची आहे, शुगर बरीच जुनी. गेलं वर्षभर तिचे तळपाय रात्री खूप जळजळतात, मुंग्या येतात, चादर पायाला लागली तरी सहन होत नाही म्हणते, मग उठून गार फरशीवर पाय टेकवून बसते. डॉक्टरांनी प्रीगॅबालिन 75 ची कॅप्सूल रात्री घ्यायला सांगितली. घरी आल्यावर भावाने पाकिटातला कागद वाचला तर त्यात आधी अपस्मार आणि अँग्झायटी असं लिहिलेलं. आईला फिट कधीच आलेली नाही आणि मानसिक त्रासही नाही. ती घाबरलीच, त्यात चार दिवस सकाळी उठल्यावर गरगरायला लागलं म्हणून तिने स्वतःच गोळी बंद केली. आता उरलेल्या कॅप्सूलमधल्या दोन भावाने घेतल्या, त्याची कंबर दुखते आणि कळ पायात उतरते म्हणून, कारण कुणीतरी सांगितलं की ही नसांची गोळी आहे. गोळी चुकीची दिली का? ही झोपेची गोळी आहे का, सवय लागते का, आयुष्यभर घ्यावी लागेल का? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. — काळजीत पडलेली लेक

उत्तर:

ताई, पहिलं उत्तर आधी देतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी गोळी चुकीची दिलेली वाटत नाही. आईंना फिटचा आजार आहे असं डॉक्टरांनी ठरवलेलं नाही, आणि त्यांचं दुखणं मनाचं आहे असंही त्यांना म्हणायचं नाही. कागदावर लिहिलंय तेही खरं आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय तेही खरं. एकच औषध तीन-चार वेगवेगळ्या आजारांत चालतं एवढाच हा प्रकार आहे, फक्त ते दोन वाक्यांत सांगायला तिथे कुणाला वेळ मिळाला नाही, आणि औषध देताना आमच्यासारख्या फार्मासिस्टनी तरी सांगायला हवं होतं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, आईंना तपासलेलंही नाही, त्यामुळे डोस किती आणि कधी हे मी ठरवणार नाही. पण हे औषध काय करतं आणि कशावर चालतं, ते नीट सांगतो.

प्रीगॅबालिनचा एक मोठा भाऊ आहे, गॅबापेंटिन. तो 1993 साली अमेरिकेत मंजूर झाला तोच मुळात फिटसाठी, तेही दुसऱ्या औषधाच्या जोडीला. मग वापरता वापरता लक्षात आलं की नसेच्या दुखण्यालाही याने उतार पडतो, आणि 2002 मध्ये नागीण होऊन गेल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी त्याला मान्यता मिळाली. प्रीगॅबालिन म्हणजे लिरिका या नावाने आलेलं औषध, त्याचं मूळ अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत रिचर्ड सिल्वरमन यांच्या प्रयोगशाळेतलं. आता गंमत बघा, अमेरिकेत 2004 च्या डिसेंबरमध्ये याला पहिली मंजुरी मिळाली ती फिटसाठी नव्हतीच, ती होती डायबिटीसमुळे होणाऱ्या नसेच्या वेदनेसाठी आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी. म्हणजे आईंना जे होतंय नेमकं त्यासाठीच! फिटची मंजुरी पुढच्या वर्षी आली. 2007 मध्ये फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर महिनोन्महिने दुखत राहणं, थकवा आणि न भरणारी झोप, याच्यासाठी, आणि 2012 मध्ये मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाल्यावर जी वेदना होते तिच्यासाठी. युरोपमध्ये 2006 पासून अँग्झायटीसाठीही हे दिलं जातं, अमेरिकेत त्यासाठी मंजुरी नाही, आणि फायब्रोमायाल्जियासाठी अमेरिकेत मंजुरी आहे तर युरोपने नाकारली. त्यामुळे कागद कुठल्या देशाच्या नियमांवरून छापलाय त्यानुसार आजारांची यादी आणि तिचा क्रम बदलतो. भावाने वाचला तो कागद खोटा नाही, पण कागदावरून आजार ओळखायला जायचं नसतं.

आता एकच औषध फिटला आणि पायाच्या आगीलाही कसं चालतं? आपल्या नसा निरोप पुढे पाठवतात तेव्हा नसेच्या टोकाला कॅल्शियम आत शिरतं आणि त्यामुळे तिथून रसायनं सुटतात, ती पुढच्या पेशीला उठवतात. प्रीगॅबालिन त्या कॅल्शियमच्या दाराच्या एका भागाला जाऊन चिकटतं, शास्त्रज्ञ त्याला अल्फा-2-डेल्टा म्हणतात, आणि मग रसायनं कमी सुटतात. गंमत म्हणजे मुळात ही औषधं बनवली होती गॅबा नावाच्या मेंदूतल्या रसायनासारखी दिसतील अशी, पण ती गॅबाच्या जागेवर काम करतच नाहीत हे मागाहून कळलं. तर, फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकदम भडकून निरोप सोडत सुटतात, अँग्झायटीतही भीतीचे निरोप गरजेपेक्षा जास्त धावत असतात, आणि शुगरने खराब झालेली पायाची नस कुठे काही लागलेलं नसताना 'भाजलं, भाजलं' असं वर कळवत राहते. तिन्ही ठिकाणी निरोपांची गर्दी कमी करायची आहे, म्हणून गोळी तीच.

आणि याच कारणाने आईंना नेहमीच्या पेनकिलरने काही फरक पडला नसणार, पडला असता तर तुम्ही लिहिलं असतं. साधी पेनकिलर सूज, मार, मुरगळणं यावर चालते, जिथे खरंच काहीतरी बिघडलंय आणि नस इमानदारीने सांगतेय. आईंच्या बाबतीत दाराची बेल अडकलीय आणि दारात कोणीच नाही, तर पाहुण्याला समजावून काय उपयोग, बेलच सोडवायला पाहिजे.

डायबिटीसमध्ये हे पायाच्या बोटांपासूनच सुरू होतं कारण तिथे पोचणाऱ्या नसा अंगातल्या सगळ्यात लांब, त्यांना आधी फटका बसतो. दोन्ही पायांना साधारण सारखंच, आधी बोटं, मग तळवे, मग मोज्यासारखं वर चढत जातं. जळजळ, मुंग्या, टाचण्या टोचल्यासारखं, मधूनच करंट लागल्यासारखी चमक, आणि तुम्ही लिहिलंय ते चादरीचं. चादरीच्या स्पर्शाने दुखायला लागणं ही नसेच्या दुखण्याची अगदी ठळक खूण आहे, डॉक्टर मुद्दाम विचारतात. रात्री जास्त वाटतं हेही जवळजवळ सगळेच सांगतात. आणि लोकांना पटत नाही ते म्हणजे जळजळणारे पाय त्याच वेळी बधीरही असू शकतात. आई म्हणत असतील आग होतेय आणि तुम्ही हात लावला तर पाय गार लागतील, खोटं दोघीही बोलत नाही. डॉक्टरांनी एक बारीक नायलॉनची दोरी तळव्याला टेकवून 'कळतंय का' विचारलं होतं का? 10 ग्रॅमच्या दाबाला वाकते ती. किंवा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्यावर ठेवला होता का? झालं नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

चक्कर. हे इतकं कॉमन आहे की मी तर गोळी देतानाच सांगून टाकतो, गरगरणं आणि झोप येणं हे याचे सगळ्यात जास्त दिसणारे साइड इफेक्ट, बहुतेक पहिल्या एक-दोन आठवड्यांतले, नंतर पुष्कळांचे कमी होतात. म्हणूनच सुरुवात कमी आणि रात्रीच्या डोसने करतात आणि मग हळूहळू वाढवतात. वयस्कर माणसाला 75 सुद्धा सुरुवातीला जास्त वाटू शकते, 25 आणि 50 च्याही कॅप्सूल मिळतात, डॉक्टर तिथून चालू करू शकतात. म्हणजे आईंना 'ही गोळी सोसत नाही' असं चार दिवसांत ठरवून टाकायची घाई नको, 'हा डोस सोसला नाही' इतकंच आत्ता म्हणता येईल. पुन्हा सुरू झाली तर रात्री बाथरूमला उठताना झटकन उठायचं नाही, आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय खाली टेकवायचे, थोडं थांबायचं, मग भिंतीला किंवा कशाला तरी धरून उभं राहायचं, आणि तो बारका दिवा चालू ठेवायचा. बधीर पाय आणि गरगरणारं डोकं दोन्ही एकत्र म्हणजे पडायची तयारीच, मला वेदनेपेक्षा त्या पडण्याची भीती जास्त वाटते.

आता ज्या तीन-चार गोष्टी डॉक्टरांना माहीत असायलाच पाहिजेत त्या सांगतो, आणि कदाचित त्यांनी विचारल्या असतील पण आईंनी 'हो हो सगळं ठीक' म्हणून सांगितलं असेल, आया असंच करतात.

किडनी. हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रीगॅबालिन लिव्हरमध्ये जवळजवळ तुटत नाही, जसं घेतलं तसंच लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे किडनीचं काम कमी असेल तर औषध अंगात साचत जातं, डोस तोच पण परिणाम दुप्पट. जुनी शुगर असलेल्यांची किडनी थोडी थकलेली असणं काही नवल नाही. क्रिएटिनिन या रक्ततपासणीच्या रिपोर्टवरून किडनी किती गाळते ते काढतात, तो आकडा साधारण 60 च्या खाली गेला की डोस कमी करायचा असतो. आईंचा क्रिएटिनिन शेवटचा कधी केलाय? वर्ष झालं असेल तर आधी तो करून घ्या, चक्कर येण्याचं कारणही तिथेच सापडू शकतं.

सूज आणि वजन. या गोळीने काहींच्या घोट्याला सूज येते, काहींचं वजन वाढतं. शुगरसाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर सूज आणखी वाढते, आणि हार्ट फेल्युअर असेल तर जपूनच. शुगर असलेल्या माणसाचं वजन वाढणं म्हणजे पुन्हा शुगरचीच पंचाईत, त्यामुळे सुरू केल्यावर महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

आणि बाकीच्या गोळ्या. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं काहीही (खोकल्याच्या काही औषधांतही असतं), सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, दारू, यांच्याबरोबर प्रीगॅबालिन घेतलं की गुंगी एकावर एक चढते आणि श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन या दोन्ही औषधांवर याचा वेगळा इशारा दिला, खास करून वयस्कर लोक आणि ज्यांना फुफ्फुसाचा जुना त्रास आहे त्यांच्यासाठी. आईंच्या सगळ्या गोळ्या, त्या अधूनमधून घेतात त्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा. यादी लिहू नका, यादीत नेमकी तीच गोळी राहते.

चेहरा, ओठ, जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, माणूस नीट जागाच होत नाही असं वाटलं तर वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. आणि एक, मनात मरणाचे विचार येणं, एकदम उदास होणं हे या जातीच्या औषधांत क्वचित दिसतं, म्हणून घरातल्यांनी लक्ष ठेवायचं. घाबरवायला सांगत नाही, कागदावर ते लिहिलेलं असणारच आणि भाऊ वाचणारच, म्हणून आधीच सांगितलं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण अपेक्षा किती ठेवायची हे सांगायला पाहिजे, कारण अर्ध्या लोकांचा भ्रमनिरास इथेच होतो. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. डायबिटीसच्या वेदनेत दहा जणांना योग्य डोस दिला तर साधारण तीन-चार जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरते, आणि त्यातल्या दोघा-तिघांना औषध नसलेल्या खोट्या गोळीनेही तेवढाच उतार पडला असता. ऐकायला कमी वाटतं पण नसेच्या दुखण्यात कुठल्याच औषधाचा आकडा याहून फार भारी नाही. आग दहापैकी आठवरून चारवर आली आणि रात्रीची सलग झोप लागली तर हे औषध लागू पडलं असं समजायचं. शून्य होईल अशी वाट बघत बसलात तर चांगली चाललेली गोळीही बंद कराल. नीट डोसवर चार-सहा आठवडे देऊन बघायचं, आणि तरी काही फरक नसेल तर निवांतपणे डॉक्टरांशी बोलून उतरवून टाकायचं, उगाच वर्षानुवर्षं चालू ठेवायचं नाही. मग ड्युलोक्सेटिन आहे, अॅमिट्रिप्टिलीन आहे, लावायचे लिडोकेनचे आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनचे पॅच आहेत. ड्युलोक्सेटिन आणि अॅमिट्रिप्टिलीनच्या कागदावर डिप्रेशन लिहिलेलं असेल हां, तेव्हा परत असंच पत्र पाठवू नका!

आता भाऊसाहेब. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि राहिलेल्या कॅप्सूल त्यांच्याकडून परत घ्या. कंबरेतून पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, हीसुद्धा नसेचीच वेदना, त्यामुळे त्यांचा तर्क अगदीच वाकडा नाही, पुष्कळ डॉक्टरही वर्षानुवर्षं याच तर्काने लिहून देत आले. पण 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या पेशंटवर नीट चाचणी झाली, निम्म्यांना प्रीगॅबालिन, निम्म्यांना खोटी गोळी, आणि आठ आठवड्यांनी पायाच्या दुखण्यात दोघांत फरक नाही, चक्कर मात्र प्रीगॅबालिनवाल्यांना जास्त. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनाही आता सायटिकासाठी ही औषधं देऊ नका असंच सांगतात. नुसती कंबर दुखते, मान आखडली, गुडघा दुखतो, यात तर याचं काही कामच नाही. आणि चेहऱ्यावर विजेसारखी कळ मारणारं दुखणं असतं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, तिथे पहिला मान कार्बामाझेपिनचा. सगळ्या नसांची एक गोळी असं काही नसतं. हे खूळ पसरायला औषध कंपन्यांचाही हातभार आहे. गॅबापेंटिन, म्हणजे न्यूरोंटिन, मंजुरी नसलेल्या कितीतरी दुखण्यांसाठी खपवल्याबद्दल वॉर्नर-लॅम्बर्टने 2004 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि 43 कोटी डॉलर भरले. तेव्हापासून 'कळ आहे ना, मग हे घ्या' ही सवय मात्र तशीच राहिलीय.

भावाला अजून एक सांगा. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा संडासवर ताबा राहिला नाही, बसतो त्या जागी, मांड्यांच्या मध्ये बधीर झालं, किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी इमर्जन्सीला जायचं, गोळ्या शोधत बसायचं नाही. असं काही नसेल तर स्वतःसाठी स्वतःच्या डॉक्टरला दाखवायचं. आणि त्या दोन कॅप्सूल खाऊन गाडी चालवली नाही ना?

झोपेची गोळी आहे का? नाही, गुंगी येते म्हणून तसं वाटतं. वेदना कमी झाली की झोपही सुधारते, ते वेगळं.

सवयीचं मात्र सरळ उत्तर देतो, उगाच 'काही होत नाही' म्हणणार नाही. ज्यांना आधीपासून दारूची किंवा नशेच्या औषधांची सवय आहे त्यांच्या हातात ही गोळी धोक्याची ठरू शकते, मनानेच डोस वाढवत नेणारे लोक असतात. म्हणून अमेरिकेत प्रीगॅबालिन नियंत्रित औषधांच्या यादीत आहे आणि ब्रिटनने 2019 च्या एप्रिलपासून हे आणि गॅबापेंटिन, दोन्ही औषधं क्लास सी मध्ये, म्हणजे तिथल्या नियंत्रित औषधांच्या एका वर्गात टाकली. आईंसारख्या माणसाला, सांगितलेल्या डोसवर, तशी ओढ लागण्याची शक्यता कमी. पण अंगाला सवय होणं ही निराळी गोष्ट आहे आणि ती कुणालाही होते. काही आठवडे-महिने घेतल्यावर एकदम बंद केली तर झोप उडते, मळमळ, डोकेदुखी, घाम, अस्वस्थपणा, आणि क्वचित, फिट कधी आली नसेल त्यालाही फिट येऊ शकते. त्यामुळे बंद करताना निदान आठवडाभर घेऊन पायरीपायरीने, बरेच दिवस घेतली असेल तर त्याहून सावकाश, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच. आईंनी छोट्या डोसवर चारच दिवसांत बंद केली, त्याने सहसा काही बिघडत नाही, त्याची काळजी करू नका. मात्र आता आग वाढली की एक घ्यायची आणि बरं वाटलं की दोन दिवस नाही, असं करायचं नाही. लागेल तेव्हा घ्यायची ही गोळीच नाही, रोज ठरल्या वेळी घेतली तरच तिचा उपयोग. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आयुष्यभर? तसं कुणी ठरवून देत नाही. दर काही महिन्यांनी, अजून गरज आहे का, डोस कमी करून बघायचा का, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारायचं. ही गोळी नस दुरुस्त करत नाही, आवाज कमी करते. नसेचं पुढचं नुकसान थांबवायचं तर शुगर ताब्यात आणणं हेच काम. आणि एक टेस्ट आवर्जून सांगतो, बी-12. आई मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असतील तर बी-12 कमी झालेलं असू शकतं, आणि बी-12 च्या कमतरतेनेही अशाच मुंग्या आणि जळजळ होते, म्हणजे सगळं खापर शुगरवर फोडायचं आणि खरं कारण तसंच राहायचं. ते कमी निघालं तर भरून काढता येतं. पाकिटावर प्रीगॅबालिनच्या पुढे मिथाइलकोबालामिन असंही लिहिलंय का बघा, काही गोळ्यांत ते जोडलेलं असतं, ते बी-12 चंच एक रूप आहे. असेल तर चार दिवसांच्या त्या गोळ्यांबद्दलही टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्टचा आकडा त्याने चढू शकतो. नॉर्ट्रिप्टिलीन जोडलेलं असेल तर ते वेगळंच औषध आहे, त्यानेही चक्कर येते, मग दोष कुणाचा हे डॉक्टरांना ठरवू द्या.

तोवर रोज रात्री आईंचे तळवे बघा, बोटांच्या मधेसुद्धा, त्यांना वाकून दिसत नसेल तर आरसा धरा. बधीर पायाला जखम झालेली कळत नाही, लाल डाग, फोड, भेग, ओलसरपणा काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी अजिबात नाही. गार फरशीवर पाय टेकवून बसल्या तर बसू द्या, पण बर्फ लावू देऊ नका, बधीर पायाला त्यानेही इजा होते, आणि अनवाणी चालणं घरातसुद्धा बंद.

संकोचाचं म्हणाल तर डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगा: 'प्रीगॅबालिन 75 चार दिवस घेतली, सकाळी चक्कर यायची म्हणून आईने बंद केली, आग तशीच आहे, कमी डोसने परत सुरू करायची का, आणि क्रिएटिनिन व बी-12 आधी करून आणू का?' यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काहीच नाही, उलट पेशंटने गोळी बंद केलीय हे त्यांना कळलंच नाही तर पुढच्या वेळी 'फरक नाही' ऐकून ते डोस वाढवून देतील, आणि ती वाढवलेली गोळी आई पहिल्याच रात्री घेतील. फोन उद्याच करा.